लॉटरीचे तिकीट पारखून पाहू या

पिंपळनेरच्या बाजारात आपण कांदा विकतो, बाजरी घेतो. घेताना मूठभर दाणे हातावर घेऊन पारखतो, भाव विचारतो. लॉटरीचे तिकीट मात्र पुष्कळजण काहीच न विचारता घेतात. तिकीट हाही पैसे देऊन घेतलेला मालच. चला, आज तोही पारखून पाहू या.

सरकारने लॉटरी का काढली?

पूर्वी मुंबईत कापसाच्या भावावर सट्टा चाले. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावाने उघडला नि कोणत्या भावाने बंद झाला, त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. कापूस पिकवणारा आपला खानदेशी शेतकरी बाजूलाच राही. पुढे १९६० नंतर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. म्हणून त्या जुगाराला ‘मटका’ नाव पडले. मटका बेकायदा. त्यात मजुरी बुडाली, तर तक्रार कुणाकडे करणार?

लोकांनी मटक्याची वाट सोडावी आणि पैका सरकारी तिजोरीत यावा, म्हणून महाराष्ट्र सरकारने १२ एप्रिल १९६९ रोजी राज्य लॉटरी सुरू केली. केरळ सरकारची लॉटरी त्याआधीची. तिची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली. तिकीट होते १ रुपयाचे, पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे.

कायदा काय सांगतो?

१९९८ साली सबंध देशासाठी लॉटरीचा कायदा झाला. तिकिटे राज्य सरकारनेच छापायची, त्यांवर सरकारचे चिन्ह हवे. सोडत सरकारनेच, आपल्या राज्यात काढायची. एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच. एका आकड्यावर बक्षीस द्यायचे नाही. कुणी मागायला न आलेले बक्षीस सरकारजमा होते.

म्हणजे सरकारी लॉटरी खोटी नव्हे. पण खोटी नाही म्हणून ती फायद्याची, असेही नव्हे. कसे ते पाहा.

हिशेब करून पाहू

समजा, १० रुपयांची १ लाख तिकिटे विकली. जमा झाले १० लाख रुपये. त्यांतून छपाई निघते, विकणाऱ्याचे कमिशन निघते, सरकारचा वाटा निघतो. समजा, बक्षिसांना ५ लाख उरले. आता एकाच माणसाने सगळी तिकिटे घेतली, तर सगळी बक्षिसे त्यालाच मिळतील. तरी त्याने १० लाख दिले, हाती आले ५ लाख! जास्त तिकिटे घेतली म्हणजे फायदा होतो, हे खरे नाही.

आता पहिल्या बक्षिसाचे बघा. एक किलो बाजरीत साधारण एक लाख दाणे असतात. त्यांतल्या एका दाण्याला कुंकू लावा. बाजरी नीट ढवळा. डोळे मिटून एकच दाणा उचला. तो कुंकवाचा निघेल का? एका तिकिटाला पहिले बक्षीस लागणे इतके अवघड.

कुणी म्हणतो, “भाऊ, दहादा गेले, आता लागेलच.” पण दर सोडतीला बाजरी नव्याने ढवळली जाते. मागचे दहा वेळचे कुणी मोजत नाही.

ध्यानात ठेवा

१. बियाण्याचा, औषधाचा, पोरांच्या शाळेचा पैसा तिकिटाला लावू नये. उसनवारी तर नकोच.

२. तिकीट घेतलेच, तर पाठीमागे सही करा, जपून ठेवा. निकालाचा नंबर स्वतः वाचा. वाचायला आता येतेच आहे.

३. १०,००० रुपयांवरच्या बक्षिसातून आयकर आधीच कापून घेतात. म्हणून “बक्षीस लागले, आधी कराचे पैसे भरा” असा फोन आला, तर तो ठग समजा. न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही.

प्रश्न

१. मटका हे नाव कशावरून पडले?

२. सगळी तिकिटे घेणाऱ्याचे किती रुपये गेले?

३. तुमच्या घरी वर्षभरात तिकिटांवर किती खर्च झाला? वहीत लिहून बेरीज करा.