रात्रीच्या खाण्याचं मूळ दिवसाच्या उपाशीपणात

विनोबांच्या आश्रमामुळे आमच्या पवनारात संयमाला मोठा मान. त्यात मुलीनं ‘उपवास आहे’ म्हटलं की घरी कोणी पुढे विचारत नाही. वजन उतरवण्यासाठी मी सोमवार, चतुर्थी, एकादशी असे एकेक उपवास धरत गेले. मग इतर दिवशीही पोळी-भात सोडला. दिवस कसाबसा निघायचा. रात्री सगळे झोपले की उरलेला भात, शिळ्या पोळ्या, डब्यातला गोरसपाक, जे हाती येईल ते उभ्यानंच पोट दुखेस्तोवर खायचे. चव कळत नसे, थांबताही येत नसे. सकाळी लाजेपोटी आणखी कडक उपवास, आणि रात्री पुन्हा तेच.

मला वाटे, माझं मनच कच्चं आहे. तसं नसतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली ही निश्चयाची माणसं. तरी त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरेना. पुढे भरपूर अन्न मिळू लागल्यावरही काहींची भूक भागेना. पोट तुडुंब भरलं तरी ते खातच राहिले. उपाशी ठेवलेलं शरीर अशी भरपाई मागतंच.

प्रत्येकाचं असं खाणं डाएटमुळेच सुरू होतं असं नाही. दुःख, ताण, एकटेपणाही त्यामागे असतो. पण उपासमार ते वाढवते, हे पक्कं. म्हणून सांगते: रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळी न्याहारी करा. आदल्या रात्रीची शिक्षा म्हणून उपाशी राहू नका. तीन वेळा जेवण, मधे दोनदा थोडं खाणं. तीन-चार तासांहून जास्त खंड नको. भात, गोड, तूप कायमचं वर्ज्य करू नका. ते दिवसा, ताटात वाढून, बसून खा. रोज वजनकाट्यावर चढणं थांबवा. बरं होईपर्यंत व्रतही बाजूला ठेवा. आजारपणात उपवास सोडायला आपल्याकडे कधीच हरकत नव्हती.

घरच्यांनी अंगावरून बोलू नये, ताटातले घास मोजू नयेत. ‘जेवून घे ना वं माय’ एवढं म्हणून सोबत जेवायला बसावं.

खाण्यावरचा असा ताबा सुटणं आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि तीन महिने चाललं असेल, तर तो आजार असू शकतो. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. पण मदत मागायला तीन महिने थांबायची गरज नाही. खाल्लेलं ओकून काढत असाल किंवा जुलाबाची औषधं घेत असाल, तर रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लगेच डॉक्टर गाठा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते. या आजारावर उपचार आहेत आणि माणसं बरी होतात. तो लपवण्यात आणखी वर्षं घालवू नका.