जहाज आठ तास थांबणार, पाहायचं काय?

प्रश्न : भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर आमचं जहाज स्पेनमधल्या कार्ताहेना बंदरात सकाळी आठ ते दुपारी चार थांबेल. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. आपलं आपण फिरावं की जहाजाची सहल घ्यावी?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : खुशाल आपलं आपण फिरा. धक्क्यापासून जुनं शहर चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि रस्ता सपाट. कल्याणसारखंच हे प्राचीन बंदर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कार्थेजवासीयांनी वसवलेलं. आधी नगरपालिकेसमोरच्या संग्रहालयातून रोमन रंगमंदिर गाठा. दोन हजार वर्षांचं हे बांधकाम वस्तीखाली गाडलं गेलं होतं, १९८८मध्ये सापडलं. भुयारी वाटेतून बाहेर पडताच दगडी पायऱ्यांचा अर्धगोल एकदम समोर येतो. सोमवारी ते बंद असतं, तेव्हा वार तपासा. किल्ल्याच्या टेकडीवर लिफ्ट जाते, गुडघ्यांची काळजी नको. नौदल संग्रहालयात इसाक पेराल यांची १८८८ची विजेवर चालणारी पाणबुडी पाहा. दुपारी दोनच्या सुमारास बरीच दुकानं मिटतात. खरेदी आधी उरका. शाकाहारी असाल तर 'तोर्तिया' टाळा, त्यात बटाट्याबरोबर अंडंही असतं. आणि तीनच्या आत परता. पुढची लोकल मिळते, पुढचं जहाज नाही!