शेजारधर्म : एका दाखल्याचा अभ्यास

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलांना काही गोष्टी पाढ्यांसारख्या पाठ असतात. चांगल्या शोमरोन्याचा दाखला ही त्यांपैकी एक. रविवारच्या शाळेत तो मी अनेकदा ऐकला. नाताळच्या कार्यक्रमात त्याच्यावर बसविलेल्या नाटुकल्यात उतारशाळेच्या मालकाची भूमिकाही केली. दाखला आपल्याला समजला आहे, अशी माझी ठाम समजूत होती. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती समजूत मोडली. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण तेवढेच.

आमच्या उपनगरातल्या एका स्थानकाचा पादचारी पूल. सकाळचे सात वाजून गेले होते आणि माझा पहिला तास साडेसातला होता. पुलाच्या कठड्याला टेकून पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. बसले कसले, घसरलेच होते. सदरा घामाने भिजलेला, हातात डब्याची पिशवी, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. मी त्यांना पाहिले, अगदी नीट पाहिले. ‘प्यायलेला असेल’ हा पहिला विचार मनात आला. ‘कोणीतरी बघेल’ हा दुसरा. ‘तास बुडेल’ हा तिसरा. तिन्ही विचार मनात येऊन जाईपर्यंत मी जिना उतरून फलाटावर पोचले होते.

दुपारी परतताना पाय आपोआप त्याच जागी रेंगाळले. जिन्याच्या तोंडाशी एक मावशी भाजी घेऊन बसतात. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “साखर उतरली होती त्यांची. खिशात गोळ्यांचं पाकीट होतं. टपरीवरनं गोड चहा आणला, घोट घोट पाजला. मग डब्यातली पोळी खाल्ली त्यांनी. अर्ध्या तासानं गेले आपल्या पायांनी.”

“तुम्ही कशा काय थांबलात?” मी विचारले.

“थांबायचं काय त्यात? मी बसलेलीच होते की!”

एक कप चहा आणि अर्धा तास. एवढीच गरज होती, आणि तेवढेही मी दिले नव्हते. घरी येऊन लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला आणि जो दाखला मला पाठ होता, तो पहिल्यांदाच वाचला.

दाखल्यात काय आहे?

हा दाखला एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आला आहे. एक शास्त्री येशूला विचारतो की, ज्याच्यावर प्रेम करावयाचे तो माझा शेजारी कोण? प्रश्न वकिली आहे. शेजाऱ्याची व्याख्या एकदा ठरली, की तिच्याबाहेरच्या माणसांची जबाबदारी आपोआप संपते. उत्तरादाखल येशू व्याख्या सांगत नाही, रस्ता दाखवितो. यरुशलेमहून यरिहोकडे उतरणारा हा रस्ता सुमारे २७ किलोमीटरांचा, ओसाड डोंगरांतला. एवढ्या अंतरात तो जवळजवळ हजार मीटर खाली उतरतो. त्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला मारून अर्धमेला टाकला आहे. याजक येतो, पाहतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो. लेवीही तसेच करतो. मग एक शोमरोनी येतो.

शोमरोनी म्हणजे कोण, हे ध्यानात घेतल्यावाचून दाखल्यातली धार कळत नाही. यहुदी यरुशलेमच्या मंदिराला मानीत, तर शोमरोनी गरिज्जीम डोंगराला पवित्र मानीत. दोघांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरची शोमरोनी स्त्री येशूने पाणी मागितल्यावर चकित होते, ती या वैरामुळेच. पाणवठ्यावरून माणसाची पायरी ठरविणारा समाज काय असतो, हे १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास शिकलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. कथेच्या अखेरीस येशू प्रश्नच उलटा करतो : या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणतो. ‘माझा शेजारी कोण’ याची जागा येथे ‘मी कोणाचा शेजारी झालो’ या प्रश्नाने घेतली आहे. शेजार हा भिंतींवरून ठरत नाही, तो कृतीने होतो.

आणखी दोन गोष्टी या वाचनात नव्याने दिसल्या. पहिली भाषेची. शोमरोन्याला आलेल्या कळवळ्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते आतड्यांच्या शब्दावरून आलेले आहे. मराठीला हे परके नाही. आपणही ‘आतडे पिळवटले’ असेच म्हणतो. दुसरी गोष्ट मदतीच्या मापाची. शोमरोनी काही घरदार सोडत नाही. जखमांना तेल व द्राक्षारस लावतो, त्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन दिनार ठेवून, अधिक लागले तर परतताना देईन असे सांगून, आपल्या वाटेने जातो. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. एक रात्र आणि दोन दिवसांची मजुरी, एवढाच सारा हिशेब. हे संतांचे काम आहे, असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय या दाखल्यात ठेवलेली नाही.

घाईचे तत्त्वज्ञान

मग याजक का थांबला नाही? दाखल्यात कारण दिलेले नाही. १९७३ साली डार्ली व बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करावयास सांगितले होते. काहींचा विषय चक्क चांगला शोमरोनी हाच होता. वाटेत दाराशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थात प्रयोगकर्त्यांनीच बसविलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याची विचारपूस केली; थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी; आणि ‘उशीर झाला आहे’ असे सांगून पाठविलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे वाचून मला धीर आला नाही, भय वाटले. शोमरोन्यावर बोलायला निघालेले पाय जर पडलेल्या माणसाजवळून पुढे जातात, तर माझ्या पाठांतराची काय कथा? मुंबईच्या उपनगरांत तर घाई हीच हवा आहे. अंधेरीची जलद गाडी, बोरिवलीची पंधरा डब्यांची गाडी, घाटकोपरला मेट्रोकडे धावणारा जिना. येथे जो थांबला त्याला मागचा धक्का देतो. आपण निर्दय आहोत असे नव्हे. आपल्याला उशीर झालेला आहे.

याचा उलटा पुरावाही याच शहरात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले. माझे वडील कुर्ल्याहून मुलुंडकडे पाण्यातून चालत निघाले. रात्री विक्रोळीच्या एका चाळीत अनोळखी बिऱ्हाडाने त्यांना आत घेतले, कोरडा लेंगा दिला, पिठलेभात वाढला. त्यांनी नाव-जात विचारली नाही; बाबांनीही आपले ख्रिस्ती नाव सांगितले नाही. अशा आठवणी उपनगरांतल्या घरोघरी सापडतात. त्या रात्री शहर एकाएकी पुण्यवान झाले होते काय? मला वाटते, त्या रात्री कोणालाही वेळेवर कोठे पोचावयाचे नव्हते, इतकेच.

भीती आणि कायदा

घाईच्या जोडीला भीती असते. पोलीस, साक्ष, रुग्णालयातले कागद या साऱ्यांची. ती निराधार नव्हती. रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने दाखल करून न घेता दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्यावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता जीव वाचविणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पुढे ३० मार्च २०१६ रोजी याच न्यायालयाने मदतनिसांच्या संरक्षणासाठी केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि २०२० मध्ये त्याचे नियम निघाले. मोटार-अपघातातील जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. नावपत्ता देण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. या मदतनिसाला कायद्याने दिलेले नाव आहे ‘गुड सॅमरिटन’. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कथेतला तिरस्कृत परदेशी भारतीय कायद्याच्या पुस्तकात येऊन बसला, ही मला विलक्षण गोष्ट वाटते. परंतु कायदा थांबलेल्या माणसाचे रक्षण करतो; चालत्या माणसाला थांबविणे त्याच्या हाती नाही.

उतारशाळेचा मालक

नाटुकल्यात माझ्या वाट्याला आलेल्या भूमिकेकडे प्रवचनांत फारसे कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः उतारशाळा नसती, तर शोमरोनी जखमीला नेणार कोठे? वाटेवरची दया आणि दार उघडे ठेवणारे घर, दोन्ही मिळून दाखला पूर्ण होतो. आपल्या उपनगरांत अशी घरे आहेत. १९६२ साली फादर रामिरो एर्विती या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूंनी अंधेरीत ‘स्नेहसदन’ सुरू केले. घर सोडून रेल्वेच्या फलाटांवर आलेल्या मुलांना मोठ्या वसतिगृहात न कोंबता, लहान लहान घरांत, आईवडिलांसारख्या माणसांच्या सहवासात वाढवावयाचे, ही त्यामागची कल्पना. अंधेरीच्याच सेंट कॅथरिन्स होममधील अनाथ मुलांसाठी दूर जर्मनीत मदत गोळा होऊ लागली आणि १९६७ साली बॉन येथे रोझी गोलमन या शिक्षिकेच्या पुढाकाराने ‘अंधेरी-हिल्फे’ ही संस्था उभी राहिली. हिल्फे म्हणजे मदत. अंधेरी कधीही न पाहिलेल्या जर्मन माणसांच्या तोंडी आपल्या उपनगराचे नाव मदतीला जोडून रुळले.

येथे एका शंकेला सामोरे गेले पाहिजे. ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, असे वर्गातल्या मैत्रिणीही मला मोकळेपणाने विचारतात. प्रश्न जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन पुढे पुण्याला गेले. १८९३ मध्ये याच मुद्द्यावर वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद खोटा म्हणून झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याचबरोबर दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींना गोळा करून केडगावी आणणाऱ्या रमाबाईही तितक्याच खऱ्या आहेत. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळकही तशाच. माझ्यापुरते उत्तर मी दाखल्यातच शोधले. शोमरोनी जखमीला त्याचा धर्म विचारीत नाही आणि बरा झाल्यावर गरिज्जीमला चल असेही म्हणत नाही. मदतीला अट जोडली की तिचा सौदा होतो. श्रद्धेने मला थांबावयास लावावे. ज्याच्यासाठी थांबले त्याच्याकडून तिने काही मागू नये.

आपल्या मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक घरगुती शब्द आहे. वाटीभर साखर उसनी देताना आपण तो सहज वापरतो. शेजार आणि धर्म यांची सांगड घालणारा हा शब्द दाखल्याचे सार दोन पदांत सांगतो, असे मला आता वाटते. पुलावरच्या त्या गृहस्थांना हवी होती तीही साखरच. ती मावशींनी दिली. त्यांनी हा दाखला ऐकलेला नाही. मला तो पाठ होता.

या अभ्यासातून मी स्वतःपुरता एकच निष्कर्ष काढला आहे, आणि तो अगदी किरकोळ आहे. मन मोठे करणे माझ्या हाती किती आहे, ठाऊक नाही. घड्याळ माझ्या हाती आहे. म्हणून मी आता घरून पंधरा मिनिटे आधी निघते. बहुतेक दिवशी ती पंधरा मिनिटे कोणाच्या कामी येत नाहीत आणि मी वर्गात रिकाम्या बाकांसमोर बसून राहते. आजवर दोनदा मात्र ती खर्ची पडली : एकदा एका अंध प्रवाशाला त्याच्या डब्यापर्यंत पोचविण्यात, आणि एकदा एका आजींना चुकीच्या गाडीतून उतरवून घेण्यात. दोन्ही वेळा तास बुडाला नाही.