आग्रहाविना जेवताना

ओसाकात खिशाला परवडेल असं जेवण म्हणून आम्ही नवराबायको सरकत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या हॉटेलात शिरलो, आणि मग संध्याकाळ झाली की पाय आपोआप तिकडेच वळू लागले. पोट भरलं, पैसेही वाचले. त्याखेरीज पदरात पडलं ते हे असं.

१. परक्या गावात माणसापेक्षा यंत्राची भीड कमी वाटते. दारातल्या यंत्रावर किती जण ते दाबायचं, चिठ्ठी येते, नंबर लागला की जाऊन बसायचं. टेबलावरच्या पडद्यावर इंग्रजी निवडलं की झालं. वही-पेन घेऊन कोणी डोक्यावर उभं राहत नाही, आपले उच्चार ऐकून कोणाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. मला हे फारच मानवलं. मग एका रात्री बायकोने विचारलं, "आज दिवसभरात तू 'आरिगातो'शिवाय कोणाशी काही बोललास का रे?" त्या एका 'धन्यवाद'पलीकडे नव्हतो बोललो. भीड गेली होती, तिच्यामागोमाग बोलणंही गेलं होतं.

२. ज्या सरकत्या पट्ट्याला मी पोरखेळ समजत होतो, त्याच्यामागे कोणीतरी बरंच डोकं शिणवून बसलं होतं. योशिआकी शिराइशी यांनी १९५८ साली हिगाशी-ओसाकात असं पहिलं दुकान काढलं. आसपास छोटे कारखाने, गिऱ्हाईक कामगार, आणि दुकानात हाताखाली माणसं मिळण्याची मारामार. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही युक्ती सुचली. पट्ट्याचा वेग त्यांनी ठरवला सेकंदाला ८ सेंटिमीटर. त्याहून जोरात फिरवला तर सुशी सुकते, हळू फिरवला तर बसलेला कंटाळतो. १९७० साली ओसाकात भरलेल्या जागतिक प्रदर्शनामुळे या पट्ट्याचा बोलबाला झाला. हे कळल्यापासून समोरून जाणाऱ्या कोळंबीकडे मी जरा अदबीने पाहू लागलो.

३. स्वस्ताईत माझा चिक्कूपणा जास्तच फोफावतो. ताटलीच्या रंगावरून किंमत कळते आणि माझं लक्ष माशाच्या आधी रंगाकडे जातं. वर्षानुवर्षं टिकलेली १०० येनची ताटली काही मोठ्या साखळ्यांनी २०२२ च्या ऑक्टोबरात सोडली. तरी आजही सत्तर-ऐंशी रुपयांत सुशीचे दोन तुकडे मिळतात. विमानाच्या तिकिटाला लाखाच्या घरात पैसे मोजून आलेला मी, ट्यूनाच्या पोटाकडच्या तुकड्याची महागडी ताटली आली की मनातल्या मनात रुपयांचा हिशेब करायचो. तो जुळेपर्यंत ताटली पुढे निघून गेलेली असायची.

४. मासे खाण्यातली माझी मर्दुमकी कढईपुरतीच होती. सबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. इथे तो मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवून, चुलीचं तोंड न दाखवता भातावर ठेवतात. मालवणात माहेर असलेल्या बायकोने तो पहिल्याच फटक्यात उचलला. मी मात्र तिरफळाच्या आठवणी काढत सामनवर स्थिरावलो, आणि वर हेच कसं अस्सल, परंपरेतलं, असं तिला ऐकवलं. वास्तविक जपानी लोक त्यांच्याकडचा सामन जंतांच्या भीतीने खारवून नाहीतर शिजवूनच खात. सुशीवरचा कच्चा सामन १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी खटपट करून त्यांच्या गळी उतरवला. म्हणजे माझी ती परंपरा वयाने माझ्याहून धाकटी निघाली.

५. स्वस्त जेवण विश्वासाच्या जोरावर चालतं. टेबलावर हिरव्या चहाच्या पुडीचा डबा आणि एक नळ. कपात चमचाभर पूड घालायची, नळाखालच्या काळ्या बटणावर कपाची कड दाबायची, की कढत पाणी पडतं. आल्याच्या लोणच्याचा डबा, सोया सॉसची बाटली, सगळं सगळ्यांचं. २०२३ च्या सुरुवातीला काही पोरांनी सॉसच्या बाटल्यांना जीभ लावून त्याचे व्हिडिओ पसरवले आणि देशभर गहजब झाला. त्यानंतर कितीतरी ठिकाणी ताटल्या नुसत्या फिरवणं बंदच झालं. तिथे मागवाल तेवढीच ताटली आता सुसाट तुमच्यापुढे येऊन थांबते. काही शाखांत तर लांबलचक पडद्यावर सुशीची चित्रं तेवढी सरकतात. इतकी वर्षं ताटल्या अनोळखी माणसांच्या नाकासमोरून जात होत्या आणि कोणी हात लावत नव्हतं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

६. आग्रह करायला कोणी नसलं की आपली खरी भूक कळते. मी पंगतीत वाढलेला माणूस. वाढपी पुढ्यात आला की "नको, नको" म्हणत पानावर हात आडवा धरायचा, बोटांच्या फटीतून जिलबी पडू द्यायची आणि मग जास्त खाल्ल्याचं खापर त्याच्यावर फोडायचं. पट्टा कोणालाही भीड घालत नाही. घेतलंत तर ठीक, नाहीतर तो पुढे जातो. त्यामुळे रिकाम्या ताटल्यांची चवड वाढली की ती निखळ माझी स्वतःची. शेवटी एक मुलगी येऊन हातातलं यंत्र त्या चवडीवरून फिरवते आणि आकडा सांगते. तिथे "त्यांनीच वाढलं हो" म्हणायची सोय नाही.

७. शेजारची चवडही बघावी. बायकोची चवड माझ्याहून उंच व्हायची, रोजच. मला सुरुवातीला गंमत वाटली, मग विचारात पडलो. घरी ती वाढते, आग्रह करते, सगळ्यांचं झालं की बसते आणि "मला एवढं पुरतं" म्हणते. ते मी आजवर तिची भूक म्हणून धरून चाललो होतो. इथे वाढणारं कोणी नव्हतं, मागे राहायचंही कारण नव्हतं, आणि तिने बांगड्याचा भाऊबंद एकामागून एक संपवला. परत आल्यावर भाजी-आमटीची भांडी आम्ही टेबलाच्या मधोमध ठेवू लागलो आहोत. ज्याने त्याने घ्यावं. पोळ्या मात्र अजून तव्यावरून एकेक येतात. गरम पोळी मला सोडवत नाही, आणि मी केलेली तिला खाववत नाही. वाटाघाटी चालू आहेत.