खुरपे का गंजले?



मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. आईबरोबर भुईमुगाच्या रानात खुरपायला गेले होते. दुपारी जोराची सर आली म्हणून आम्ही पळत घरी आलो आणि माझ्या हातातले खुरपे बांधावरच राहिले. गवतात दडलेले ते खुरपे पोळ्याच्या आधी सापडले. पाते तांबडे झाले होते. बोट फिरवले की पापुद्रे सुटत. धार तर गेलीच होती.

आई मला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तेच बोथट खुरपे घेऊन ती मजुरीला गेली. संध्याकाळी तिच्या तळहाताला फोड आलेले मी पाहिले.

आजी म्हणाली, "पाण्यानं खाल्लं गं लोखंड." दादा म्हणाला, "पाण्यानं नाही, हवेनं गंजतं." खरे कोणाचे? मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "मी सांगत नाही. पाणी आणि हवा वेगवेगळी करून तूच बघ."

साहित्य : तीन परीक्षानळ्या, तीन बुचे, तीन साधे लोखंडी खिळे, पॉलिश पेपर, पाणी, गोडेतेल, कापूस आणि शाळेच्या विज्ञानपेटीतील कॅल्शियम क्लोराईडचे खडे.

कृती : खिळे पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, साबणाने धुऊन लगेच कोरडे पुसले.

पहिल्या नळीत खिळा अर्धा बुडेल इतके विहिरीचे पाणी घातले. येथे पाणीही आहे, हवाही आहे.

दुसऱ्या नळीत उकळलेले पाणी घातले. पाण्यात हवा विरघळलेली असते, मासे त्याच हवेवर जगतात. पाणी दहा मिनिटे खळाखळा उकळले की ही हवा निघून जाते. खिळा पूर्ण बुडवून वर गोडेतेलाचा थर दिला, म्हणजे बाहेरची हवा पाण्यात लवकर शिरत नाही. येथे पाणी आहे, हवा नाही. (गरम पाणी गुरुजींनी ओतले. तुम्हीही मोठ्या माणसाकडूनच ओतून घ्या.)

तिसऱ्या नळीत तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे खडे, त्यावर कापूस आणि त्यावर खिळा ठेवला. हे खडे हवेतला ओलावा शोषून घेतात. येथे हवा आहे, पाणी नाही.

तिन्ही नळ्यांना घट्ट बुचे लावली.

माझी चूक : पहिल्यांदा दुसऱ्या नळीतल्या खिळ्यावरही तांबडे ठिपके आले. मला रडूच आले. मग आठवले, पाणी उकळून मी ते रात्रभर उघडेच ठेवले होते आणि तेल सकाळी घातले होते. रात्रीतून हवा पुन्हा पाण्यात मिसळली. वहीतले पान मी फाडणार होते. गुरुजी म्हणाले, "फाडू नकोस. झालं तसंच लिही." म्हणून येथेही लिहिले आहे. दुसऱ्यांदा पाणी गरम असतानाच नळीत ओतून लगेच तेल घातले.

निरीक्षण : पहिल्या नळीतला खिळा दुसऱ्याच दिवशी तांबूस दिसू लागला. आठव्या दिवशी तळाशी तांबडी भुकटी साचली होती. दुसऱ्या व तिसऱ्या नळीतले खिळे तसेच चकचकीत राहिले.

अनुमान : नुसत्या पाण्याने लोखंड गंजत नाही, नुसत्या कोरड्या हवेनेही गंजत नाही. दोन्ही एकत्र आली की गंजते. म्हणजे आजीचे अर्धे खरे आणि दादाचेही अर्धेच खरे!

गुरुजींनी पुढे समजावले : हवेतला ऑक्सिजन, पाणी आणि लोखंड यांच्या संयोगाने गंज तयार होतो. गंज सच्छिद्र असतो व त्याचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे आतल्या लोखंडाला पुन्हा हवा-पाणी लागते आणि तेही गंजते. समुद्रकाठी खाऱ्या हवेमुळे हे काम आणखी लवकर होते.

यावर उपाय एकच, हवा आणि पाणी लोखंडाला लागू द्यायचे नाही. म्हणून खिडकीच्या गजांना रंग देतात, सायकलच्या साखळीला तेल घालतात, बादलीला आणि पत्र्याला जस्ताचा मुलामा देतात. दिल्लीला कुतुबमिनारच्या आवारात सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे त्याच्यावर एक पातळ थर तयार झाला आणि तोच त्याला राखतो. आपल्या खुरप्याला मात्र असा थर नसतो, आपणच जपावे लागते.

मी खुरपे विटकरीच्या तुकड्याने घासले. दादाने लोहाराकडून धार लावून आणली. गंज निघाला, पण गंजून गेलेले लोखंड परत आले नाही. पाते आता पहिल्यापेक्षा अरुंद आहे. रोज संध्याकाळी मी ते कोरडे पुसते, तेलाचे फडके फिरवते आणि खुंटीला अडकवते. सकाळी आईला ते शोधावे लागत नाही.

आज घरी गेल्यावर तुमचा विळा, खुरपे कुठे पडले आहे ते बघा. ओले असेल तर आधी पुसा, मग जेवायला बसा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी