जमिनीत दडलेला आजार

आपल्या भागात 'सुरुंग' म्हटले की विहीर आठवते. खाली काळा पाषाण लागला की सुरुंगवाल्याला बोलवायचे, भोके पाडायची, बार भरायचे आणि इशारा झाला की सर्वांनी लांब पळायचे. कधी कधी एखादा बार उडत नाही. तो न उडालेला बार म्हणजे काय धास्ती असते, हे विहिरीवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आता अशी कल्पना करा, की असे बार सगळ्या शिवारात पुरलेले आहेत, ते कुठे आहेत हे कुणालाच माहीत नाही आणि त्याच शिवारात गुरे चारायची आहेत, सरपण आणायचे आहे. जगातल्या कित्येक खेड्यांत लोक असेच जगतात. या पानावर आपण ताप, खोकला, मधुमेह यांविषयी बोलतो. आज भूसुरुंगाविषयी बोलू. माझ्या मते तोही एक आजारच आहे. त्याला कारण आहे, लक्षणे आहेत, उपचार आहेत आणि मुख्य म्हणजे तो टाळता येतो.

सुभेदारसाहेबांचा पाय

पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक निवृत्त सुभेदार आले. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. कापलेल्या भागाला, ज्याला आम्ही 'स्टंप' म्हणतो, जखम झाली होती. दोन आठवडे त्यांनी ती घरात कुणाला दाखवली नव्हती. साखर तपासली तर तीही वाढलेली.

ते सैन्यात इंजिनिअर पलटणीत होते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर आपले सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर जाऊन उभे राहिले. राजस्थान, पंजाब, जम्मू या भागांत सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरले गेले. युद्ध झाले नाही. सैन्य परतले, पण पेरलेले काढावे लागलेच. वाळू सरकते, पावसाने माती वाहते, खुणेची जागा बदलते. अशाच एका सुरुंगाने त्यांचा पाय नेला.

"डॉक्टरसाहेब, पेरणीला दिवस लागले, काढणीला महिने," ते म्हणाले. "आणि मी तर माझ्याच माणसांनी पेरलेल्यावर पाय दिला. तो सुरुंग काय, आपला-परका ओळखतो थोडाच!"

सुरुंग पायाचे काय करतो?

पुष्कळांना वाटते, पाय तुटतो आणि डॉक्टर टाके घालून जखम बंद करतात. तसे नसते. माणसावर रोखलेला सुरुंग लहान मुलाच्या वजनानेही उडू शकतो. स्फोटाचा जोर खालून वर येतो. पाऊल तर जातेच, पण माती, गवत, चपलेचे तुकडे, हाडांच्या कपच्या स्नायूंच्या पदरांमधून वर मांडीपर्यंत घुसतात. बाहेरून कातडी चांगली दिसते, आत मात्र घाण भरलेली असते. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्याला दिसते त्यापेक्षा वर कापावे लागते.

युद्धक्षेत्रातील शल्यचिकित्सक या जखमांचे तीन प्रकार मानतात. पहिला, सुरुंगावर पाय पडलेला. दुसरा, जवळ उडालेल्या सुरुंगाचे तुकडे लागलेला. तिसरा, सुरुंग हातात घेतलेला. यात हाताची बोटे आणि डोळे जातात. हा तिसरा प्रकार मुलांमध्ये फार आढळतो. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्याने विमानांतून टाकलेले पंखाच्या आकाराचे छोटे सुरुंग मुले खेळणे समजून उचलत.

अशी जखम पहिल्याच दिवशी शिवून टाकायची नसते. ती स्वच्छ करून उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहून मगच बंद करायची. हे मी पुस्तकात वाचले होते. तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षी विहिरीच्या बाराने पाऊल चिरडलेला एक मजूर आला, तेव्हा मी जखम धुतली आणि नीट शिवून टाकली. वरून छान दिसत होती. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, वास येऊ लागला. गॅस गँगरीन झाले होते. पाऊल वाचवायला गेलो आणि त्याचा गुडघाही गेला. तो माणूस वाचला, पण ती चूक मी आजतागायत विसरलो नाही.

दुखणे जन्मभराचे

जखम भरली म्हणजे संपले नाही. नसलेल्या पायाला वेदना होतात, खाज येते. हे वेड नव्हे. मेंदूत त्या पायाची नोंद शिल्लक असते. लहान मूल असेल तर कापलेले हाड वाढत राहते आणि कातडी टोचू लागते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. मोठ्या माणसाला कृत्रिम पाय साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो, वाढत्या मुलाला वर्षाच्या आतसुद्धा. दहा वर्षांच्या मुलाला आयुष्यभरात वीसहून अधिक पाय लागतील.

या बाबतीत आपल्या देशाने जगाला मोठी देणगी दिली आहे. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' घडवला. त्यावर अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते, चिखलात उतरता येते. अफगाणिस्तान आणि कंबोडियातले सुरुंगग्रस्त शेतकरी याच पायावर पुन्हा उभे राहिले. आपल्या पुण्यातही सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. तेथे नागरिकांनाही पाय बसवून मिळतो.

खरे औषध : साफसफाई

हिवताप हटवायचा तर डबकी बुजवावी लागतात, नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. तसेच हे आहे. कंबोडियात १९७९ पासून सुमारे ६५ हजार लोक सुरुंगांनी आणि न फुटलेल्या बॉम्बनी ठार वा जखमी झाले. १९९६ या एका वर्षात हा आकडा चार हजारांवर होता. तेथे माणसांनी गुडघ्यावर बसून, यंत्राने वीत-वीत जमीन तपासली. कुत्रे आणि शिकवलेले आफ्रिकन उंदीरही मदतीला आले. हे उंदीर वजनाने हलके, त्यामुळे सुरुंग उडत नाही आणि स्फोटकाचा वास त्यांना बरोबर कळतो. मगावा नावाच्या अशा एका उंदराला २०२० साली शौर्याचे सुवर्णपदक मिळाले. शाळांतून मुलांना धोक्याच्या खुणा शिकवल्या. २०२३ साली तेथील बळींचा आकडा ३२ वर आला. मोझांबिक देश तर २०१५ साली सुरुंगमुक्त जाहीर झाला. श्रीलंकेत सुरुंग काढायला आपले निवृत्त सैनिकही गेले होते.

सुरुंगांवर बंदी घालणारा करार डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडात ओटावा येथे झाला. दीडशेहून अधिक देश त्यात आहेत. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया आणि अमेरिका यांनी तो स्वीकारलेला नाही. सीमांचे संरक्षण हे आपल्या सरकारचे कारण आहे. २०२५ साली पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने त्यातून बाहेर पडत असल्याचे कळवले. २०२३ या वर्षी जगात किमान ५,७५७ माणसे अशा स्फोटांत ठार वा जखमी झाली आणि त्यांत शंभरातले ८४ सामान्य नागरिक होते. देशाच्या संरक्षणाचा विचार जाणत्यांनी करावा. डॉक्टर म्हणून मी एवढेच म्हणेन, की जिथे लढाई संपली, तिथली जमीन साफ करणे हे रुग्णालय बांधण्याइतकेच आरोग्याचे काम आहे. त्याला पैसा आणि पाठिंबा मिळालाच पाहिजे.

आपण काय लक्षात ठेवावे?

हा विषय आपल्यापासून फार लांब नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. विहिरी आणि खाणींवर तर बार रोजच उडतात. म्हणून :

१) अनोळखी डबा, वायर, न उडालेला बार यांना हात लावू नका, दगड मारू नका. लांब थांबा, इतरांना थांबवा आणि पोलिसांना कळवा. न उडालेल्या बारावर पहार चालवू नका, ते काम परवानाधारक माणसाचेच.

२) सुरुंग असलेल्या जागी कुणी जखमी झाला तर धावत जाऊ नका. दुसरा सुरुंग तुमची वाट पाहत असू शकतो. आपण आत असाल तर जागीच थांबा आणि मदतीसाठी हाक मारा.

३) धोका नसेल तर स्वच्छ कापडाने जखम जोरात दाबून धरा. तरीही रक्त थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद कापड बांधा आणि काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते सोडू नका.

४) हळद, चहापूड, राख लावू नका. तोंडाने काही देऊ नका. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेलच.

५) घरात पाय गमावलेला कुणी असेल, मग तो अपघाताने असो वा मधुमेहाने, तर स्टंप रोज आरशात पाहा, धुऊन कोरडा ठेवा. लाल चट्टा दिसला की कृत्रिम पाय काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सुभेदारसाहेबांची जखम सहा आठवड्यांत भरली. परवा ते पुन्हा पाय लावून चालत आले, बरोबर नातू. त्याने मला विचारले, "डॉक्टरकाका, आजोबांनी सगळे सुरुंग काढले होते का?"

मी आजोबांकडे पाहिले. ते म्हणाले, "माझ्या वाटणीचे काढले, बाळा. एक तेवढा मला सापडण्याआधी मी त्याला सापडलो."