राखणीचे तरणे कुत्रे अचानक लंगडू लागले तर

बाजरी निघून गेली की शिवारात धसकटे उरतात, माळावरचे गवत वाळून कुसळे सुटू लागतात आणि उसाला कोयता लागतो. घाटावरचे मेंढपाळ याच सुमारास बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणच्या वाटेला लागतात. मेंढ्यांबरोबर चालणाऱ्या कुत्र्याच्या पायांना या दिवसांत काही ना काही होतेच. वय आठ-दहा महिन्यांचे असेल तर जास्तच, कारण अंगात रग भरपूर असते आणि हाडे अजून कच्ची असतात.

रात्री वाघरीभोवती धावणारे कुत्रे सकाळी तीन पायांवर उभे दिसते. मग बहुतेक वाड्यांवर दोनपैकी एक गोष्ट होते. ‘मुरगळला असेल’ म्हणून त्याला तसेच कळपामागे सोडतात, किंवा घरातली अंगदुखीची गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून चारतात. या दोन्हींच्या आधी दहा मिनिटे काढून पाय नीट पाहायला हवा.

आधी कुत्र्याला सपाट जागी दोरीने धरून दुसऱ्याला सावकाश चालवायला सांगा आणि आपण बाजूला उभे राहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर उचलले जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. पाय ठरला की हात लावा, पण त्याआधी तोंडाला कापडी पट्टी सैलसर बांधा. कितीही गरीब कुत्रे असले तरी दुखऱ्या जागी हात गेला की ते चावते. धाप लागलेली असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र पट्टी बांधू नका.

तपासणी नेहमी खालून वर करावी. नखे, तळव्याच्या गाद्या, बोटांच्या बेचक्या, मग घोटा, मग वर. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. निम्म्याहून अधिक वेळा उत्तर पंजातच सापडते, असा माझा अंदाज आहे. मोडलेले नख, गादीत अर्धवट तुटलेला बाभळीचा काटा, उसाच्या बुडख्याने चिरलेला तळवा हे उघड दिसते. काटा चिमट्याने सरळ ओढून काढा. सुईने उकरत बसू नका, त्याने टोक आणखी आत जाते.

कुसळाचे प्रकरण वेगळे आणि सर्वांत फसवे. कुसळाचे टोक बाणासारखे असते आणि त्यावरचे बारीक केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचकीतून शिरले की बाहेर फक्त टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र राहते आणि तेही कुत्रे चाटून चाटून झाकून टाकते. दोन-चार दिवसांनी तिथे फुगवटा येतो, पाणी झिरपते. प्रतिजैविकाने सूज उतरते, कुत्रे धावू लागते आणि गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. असे दोनदा झाले तर आत कुसळ आहे असेच धरून चाला. फोड दाबून पिळू नका. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पंजा बुडवून ठेवा आणि पशुवैद्याकडून छेद घेऊन कुसळ काढून घ्या. लांब केसांच्या कुत्र्याच्या बोटांमधले केस या हंगामात कात्रीने कापून टाकलेले बरे. रोज संध्याकाळी मेंढ्या बसल्या की चारही पंजे बोटांनी चाचपण्याची सवय ठेवली तर निम्मे दुखणे तिथेच थांबते.

जखमेवर रॉकेल, इंजिनचे तेल किंवा टर्पेंटाइन ओतण्याची पद्धत अजून आहे. त्याने मांस जळते आणि जखम आणखी चिघळते. स्वच्छ पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावणे पुरेसे आहे. पट्टी बांधलीच तर मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवा. ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली आहे. लांडग्याचा किंवा दुसऱ्या कुत्र्याचा दात लागला असेल तर वरून छिद्र बारीक दिसते, पण आत मांस फाटलेले असते. अशी जखम घरी मिटवू नका.

पंजात काहीच सापडले नाही तर? तरण्या कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकाशी वाढीची कुरकुरी पट्टी असते. ती सुमारे वर्षभराने, मोठ्या चणीच्या कुत्र्यात त्याहूनही उशिरा पक्की होते. टेम्पोतून उडी मारताना किंवा बांधावरून पडताना इजा या पट्टीला होते आणि दिसते मात्र मुरगळीसारखी. पुढच्या पायाच्या बाबतीत याची किंमत नंतर कळते: एक हाड वाढायचे थांबते, दुसरे वाढत राहते आणि काही महिन्यांत पाय वाकडा होतो. म्हणून पाय अजिबात टेकत नसेल, सांध्याजवळ सूज असेल, तर एक्स-रे हवाच. फलटण-खंडाळा भागातल्यांना शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते, मराठवाड्यात उदगीर आणि परभणी आहेत.

दुसरा एक प्रकार असा की आज पुढचा डावा पाय, पंधरा दिवसांनी मागचा उजवा, मार लागल्याची काही खूण नाही. पाच महिने ते दीड वर्ष या वयात, विशेषतः मोठ्या चणीच्या नरांमध्ये, हाडांच्या आतल्या भागाला दाह होतो. हाडाच्या मधोमध दाबले की कुत्रे कळवळते. हे आपोआप बरे होते, विश्रांती लागते, इतकेच. पण पाय बदलून लंगडणे गोचीड-तापातही दिसते. अंग तापलेले, हिरड्या फिक्या, खाणे सुटलेले, कधी नाकातून रक्त, अशी लक्षणे जोडीला असतील तर रक्त तपासून घ्या. औषध डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पूर्ण द्या, ताप उतरला म्हणून मध्येच थांबू नका. मेंढ्यांवर मारायचे गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्यावर वापरू नका.

खाण्याचेही बोलले पाहिजे. नुसती भाकरी-ताक किंवा नुसते मटणाचे तुकडे यांवर वाढलेल्या पिल्लाला कॅल्शियम पुरत नाही. त्याची हाडे पातळ होतात आणि साध्या उडीतही तडकतात. उलट टोक म्हणजे दुकानातल्या कॅल्शियमच्या बाटल्या पाजणे. मोठ्या चणीच्या पिल्लाला जास्तीचे कॅल्शियमही सांध्यांचे नुकसानच करते.

आता गोळ्यांविषयी. माणसांच्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला तर 2006 पासून आपल्याकडे बंदीच आहे, ती गिधाडांमुळे आली. मेलोक्सिकॅम कुत्र्यांना देतात, पण 20 किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी साधारण 4 मिलिग्रॅम आणि नंतर रोज 2 हे माप असते. माणसांची गोळी 15 मिलिग्रॅमपर्यंत येते. एका गोळीत किती दिवसांचे औषध जाते ते बघा. म्हणून हे औषध पशुवैद्यानेच ठरवावे आणि आधी स्टिरॉइडचे इंजेक्शन झाले असेल तर ते त्यांना आवर्जून सांगावे.

काही वेळा थांबायला वेळ नसतो. पाय पाहता पाहता सुजतो आहे आणि डंखाच्या जागी रक्त थांबत नाही, तर घोणस किंवा फुरसे डसल्याचा संशय घ्या. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, चालवू नका. उचलून दवाखान्यात न्या. रानडुकरासाठी लावलेला तारेचा फास पायात रुतला असेल तर तार कापा आणि पाय बरा दिसला तरी दाखवा, कारण मांस मरायला दोन दिवस लागतात. मागचे पाय लुळे पडत चालले आहेत, आवाज बदलला आहे, लाळ गळते आहे, जबडा खाली पडला आहे, तर हा पिसाळलेपणा असू शकतो. घशात हाड अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. चावा किंवा लाळ लागली असेल तर जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या पिल्लापासून रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी, हे वाड्यावरच्या प्रत्येक कुत्र्याचे व्हायलाच हवे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

साध्या मुरगळीला विश्रांती हेच औषध, पण विश्रांती म्हणजे बांधून ठेवणे. मोकळे सोडले तर राखणीचे कुत्रे बसून राहत नाही, मेंढी हलली की तेही उठते. लंगडणे थांबल्यावरही आणखी आठवडाभर दोरीला धरूनच फिरवा, मग सपाट रानात तासभर मोकळे सोडा. रात्रीची राखण सगळ्यात शेवटी द्या. तेवढे दिवस वाड्यावरच्या थोराड कुत्र्याकडून काम भागवा. नसेल तर शेजारच्या वाड्यावरून एखादे मागून घ्या.